बिनफोडणीचं पिठलं

घरातलं सगळं बोलणं ऐकू येतं, एवढा एकच फायदा वनमालाबाईंना त्यांच्या दुखण्याने करून दिला होता. पूर्वी त्या स्वयंपाकघरात असायच्या तेव्हा कुकरच्या शिट्ट्या आणि मिक्सरची घरघर यांत घरातली निम्मी भांडणं त्यांच्या कानांवरून निसटून जायची. आता त्यांची खाट पुढच्या खोलीत, दक्षिणेच्या खिडकीपाशी होती, कारण ग्वाल्हेरच्या हिवाळ्यात ऊन सगळ्यात जास्त वेळ तिथे टिकायचं. आणि सिटी सेंटरमागच्या कॉलनीतली ही घरं अशी बांधलेली, की आतल्या खोलीत कुणी नाक ओढलं तरी बाहेर कळावं. त्यात लोकांचा एक गैरसमज असतो, की जो पडून आहे तो झोपलेलाच आहे. त्यामुळे वनमालाबाईंविषयी जे काही बोलायचं असेल ते त्यांच्या उशाशी उभं राहून मोकळेपणाने बोललं जायचं.

आज मात्र माधवराव ओरडत होते. ते ओरडायचे ते टीव्हीवर, महापालिकेवर आणि फार तर अंबरीशवर. सुनेवर आवाज चढवलेला वनमालाबाईंनी कधी ऐकला नव्हता.

"मला न विचारता तू त्यांना बोलावलंसच कसं?"

"विचारलं होतं बाबा," सीमंतिनीचा आवाज शांत होता. शाळेत गणित शिकवून शिकवून तिचा आवाज असा झाला होता. "तुम्ही 'बघू' म्हणालात."

"या घरात बघू म्हणजे नको! इतकी वर्षं झाली लग्नाला, अजून एवढं कळलं नाही तुला?"

वनमालाबाईंना हसू आलं, पण ते चेहऱ्यापर्यंत पोचलं नाही. चेहऱ्याची कातडी आता इतकी ताठ झाली होती, की हसायचं तर आधी ठरवावं लागे. त्यांनी लोकरीच्या हातमोज्यांतले हात उन्हात सरकवले. बोटांच्या टोकांना जखमा होत्या. एक बरी झाली की दुसरी उघडायची. थंडी लागली की बोटं आधी पांढरीफटक पडत, मग जांभळी होत, आणि रक्त परत येताना असं काही ठणकायचं, की वाटे, त्यापेक्षा ती पांढरी होती तेच बरं होतं.

स्क्लेरोडर्मा. दिल्लीच्या मोठ्या डॉक्टरांनी हे नाव सांगितलं तेव्हा माधवरावांना ते काही केल्या उच्चारता येईना. मग डॉक्टरांनी समजावलं, की शरीराची एक फौज असते, बाहेरच्या जंतूंशी लढणारी, आणि या आजारात ती आपल्याच शरीरावर उलटते. कातडीवर, गळ्यावर, फुप्फुसांवर. माधवरावांना लगेच समजलं. निकमांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून आले होते, आणि त्या फौजेतलं आता घरात भिंतीवरच्या एका बोथट तलवारीपलीकडे काही उरलं नव्हतं, तरी शब्द उरले होते. "म्हणजे फितुरी," ते म्हणाले होते, आणि त्या दिवसापासून पाटबंधारे खात्यातल्या या निवृत्त माणसाने फितुरांविरुद्ध मोहीम उघडली होती. दिल्लीच्या खेपा, सलाइनमधून द्यायची औषधं, खोलीत हीटर, हीटरवर ऊन करून ठेवलेले हातमोज्यांचे जोड. नवऱ्याने एवढी माया कुणाला लावलेली वनमालाबाईंनी पाहिली नव्हती. आणि म्हणूनच त्यांना माधवरावांसमोर एक शब्द बोलता येत नव्हता. कशी आहेस, असं ते दिवसातून कितीदा तरी विचारत, आणि त्या म्हणत, ठीक आहे.

त्या ठीक नव्हत्या. आडवं झालं की श्वास कोंडे, म्हणून त्या रात्रभर उशांना टेकून बसलेल्या असत. घास गिळला की छातीत आग पेटे. फितुरीपेक्षाही आता त्यांना या रोजच्या छळाचा कंटाळा आला होता. कुणीतरी तो थोडा कमी करावा, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ते कुणीतरी आज येणार होतं. म्हणून तर त्यांचा जीव वरखाली होत होता, की माधवराव त्यांना दारातूनच परत पाठवणार तर नाहीत?

"सीमी, पण बाबांचंही बरोबर आहे," अंबरीश म्हणाला. अंबरीश त्यांचा मुलगा. बँकेत होता, स्वभावाने सोन्यासारखा, फक्त जो शेवटचं बोलेल त्याच्या बाजूला जायची त्याला सवय होती. "पुढच्या हफ्त्यात आपण दिल्लीला जातोच आहोत. नवीन औषध येतंय म्हणे. आत्ता हे लोक कशाला? हे शेवटच्या स्टेजचे असतात ना?"

"कुणी सांगितलं तुला? आमच्या शर्मा मॅडमच्या वडिलांकडे ते केव्हापासून येतात. आणि मॅडमचे वडील रोज सकाळी पार्कात फिरतात."

"मला पार्क नको सांगूस!" माधवराव म्हणाले. "हे लोक काय देतात ते मला माहीत आहे."

 माधवरावांना काय म्हणायचं होतं ते सगळ्यांनाच माहीत होतं. त्यांचे थोरले भाऊ संभाजीराव, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, कॅन्सरने गेले तेव्हा शेवटी त्यांना दवाखान्यात मॉर्फिनची सुई दिली होती. द्यायची का, असं डॉक्टरांनी माधवरावांना विचारलं होतं. माधवरावांनी मान हलवली होती. दुसऱ्या दिवशी आप्पा गेले. त्यानंतर माधवराव त्याविषयी कधी बोलले नाहीत, पण आप्पांच्या फोटोला हार घालताना त्यांची मान खाली असे. आपल्या होकाराने भाऊ गेला असं ते मनात धरून बसले होते, आणि हे वनमालाबाईंना पक्कं ठाऊक होतं.

"प्लीज, भांडू नका ना यार," कोपऱ्यातून अंतरा म्हणाली. अंतरा नात. कॉलेजात जात होती आणि तिचं मराठी घराच्या उंबऱ्याबाहेर पडलं की हिंदी होऊन जाई. "मी फॅमिली ग्रुपवर टाकून दिलंय की चार वाजता ते लोक येतायत, तेव्हा कुणी फोन करून डिस्टर्ब नको करा म्हणून. आता ते आलेच समजा."

"झालं! आता गावभर करा!" माधवराव म्हणाले, आणि तेवढ्यात बेल वाजली.

*

डॉक्टर हर्षिता दिसायला अंतराहून फार मोठ्या वाटत नव्हत्या. डोक्याला मफलर, अंगात जाड जाकीट, खांद्यावर पिशवी. पिशवीवर निळ्या अक्षरांत, घरी येऊन रुग्णांचा त्रास हलका करणाऱ्या त्यांच्या संस्थेचं नाव आणि मोहल्ला होता : सांत्वना, कंपू. त्यांनी दारात बूट काढले, सगळ्यांना नमस्कार केला, आणि खाटेशी येण्याआधी सरळ हीटरपाशी जाऊन आपले हात शेकत उभ्या राहिल्या.

"ठंडे हाथ लगाऊँगी तो माताजी को दर्द होगा," त्या म्हणाल्या.

वनमालाबाईंना त्या मुलीविषयी तिथल्या तिथे माया वाटली. इतक्या वर्षांत इतक्या डॉक्टरांनी त्यांची बोटं गार हातांनी दाबून बघितली होती.

"माताजी, सबसे ज़्यादा तकलीफ़ किस चीज़ की है आपको?"

"फुप्फुसांचा रिपोर्ट मागच्या महिन्यापेक्षा खराब आहे," माधवराव हिंदी-मराठीचं काय ते एकत्र करून सांगू लागले. "मतलब, फेफड़ों का. और उँगलियों के घाव. और दिल्लीवाले कहते हैं..."

"बाबूजी, मैं उनसे पूछ रही हूँ."

सगळ्यांनी खाटेकडे बघितलं. माधवरावांनीही. त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही अजिजी होती, की वनमालाबाईंच्या तोंडून सवयीने तेच बाहेर पडलं.

"ठीक हूँ," त्या म्हणाल्या. म्हटल्याबरोबर स्वतःचाच राग आला. मुलगी एवढी हात शेकून आली, आणि आपण हे असं.

हर्षितांनी वाद घातला नाही. त्यांनी हातमोजे हलकेच काढले, जखमा बघितल्या, पाठीला नळी लावून श्वास ऐकला, उशांचा ढीग बघितला आणि विचारलं, रात को ऐसे ही बैठी रहती हैं? वनमालाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. मग हर्षिता माधवरावांकडे वळल्या आणि सांगू लागल्या. दिल्लीचा इलाज चालूच राहील, त्यातलं काही बंद करायचं नाही. त्याच्या जोडीला त्या स्वतः जखमांची मलमपट्टी शिकवतील, खाणं बदलून बघतील, आणि श्वास कोंडतो त्यासाठी, दुखण्यासाठी, अगदी थोडी मॉर्फिन.

तो शब्द येताच माधवराव उठून उभे राहिले.

"नहीं. ये इस घर में नहीं आएगी."

"बाबूजी, पीने की दवा है, बूँद-बूँद से..."

"मुझे साफ़ बता दीजिए. कितने दिन बचे हैं इनके? मतलब तुम्ही लोक त्याशिवाय येत नाही ना?"

"किसने कहा? कितने दिन, मुझे नहीं पता. कई साल भी हो सकते हैं." हर्षितांचा आवाज चढला नाही, पण जरासा कडक झाला. "इसीलिए तो आई हूँ. कई साल कोई ऐसे बैठे-बैठे रात काटेगा?"

"बाबा, डॉक्टर बरोबर म्हणतायत," अंबरीश म्हणाला. शेवटचं त्या बोलल्या होत्या ना.

"तू गप्प बस! मी एकदा मान हलवली होती. पुन्हा नाही हलवणार." माधवराव दाराकडे वळले. "डॉक्टरसाहेब, आप चाय पीजिए और..."

ते पुढे काय म्हणणार होते ते सगळ्यांना कळलं. वनमालाबाईंना तर चांगलंच कळलं. आत्ता बोललं पाहिजे, त्यांनी स्वतःला बजावलं, आत्ता नाही तर ही मुलगी बूट घालून निघून जाईल. पण तोंड उघडायला त्यांना वेळ लागायचा, आणि तेवढ्यात फाटकाशी एक ऑटो थांबली, दार धाडकन उघडलं, आणि गळा काढून रडत कुणीतरी आत आलं.

"वहिनी गंऽऽ! काय हे केलंत वहिनीऽऽ!"

उषाताई होत्या. माधवरावांची धाकटी बहीण, दाल बाजारामागे राहणारी, जिने कित्येक वर्षांत या घराचं फाटक ओलांडलं नव्हतं. अंगावर पांढरं पातळ. हातात पंच्यात बांधलेलं पातेलं. त्यांनी खाटेकडे बघितलंसुद्धा नाही. खाट रिकामी असणार असं त्या मनात धरूनच आल्या होत्या. पातेलं खाली ठेवून त्या भिंतीला टेकून फरशीवर बसल्या आणि पदरात तोंड लपवलं.

"दादा, कुणी मला खबरसुद्धा नाही दिली! मातीलासुद्धा नाही बोलावलंत! एवढी का मी परकी झाले?"

माधवरावांचा आ वासलेला तसाच राहिला. सीमंतिनी पुढे झाली, पण वनमालाबाईंनी हातमोज्याचा हात किंचित वर करून तिला थांबवलं. का थांबवलं ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. आपल्यामागे लोक काय बोलतील, ही उत्सुकता कुणाला नसते?

"असं माणूस पुन्हा नाही मिळायचं," उषाताई पदराआडून म्हणत होत्या. "हाताला काय चव होती! मी माहेरपणाला आले की माझ्यासाठी वेगळी वाटी काढून ठेवायच्या. आणि मी मेली काय बोलले त्यांना? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, साऱ्या बायकांसमोर! भांडी घासताना हात काढून घेतला, बोटं पांढरी पडली म्हणाल्या, तर मी म्हटलं, वहिनींचे हात फक्त बांगड्या भरायला. नाटकं आहेत, म्हटलं. पुढच्या वर्षी कळलं काय बीमारी आहे ते. तेव्हाच यायला पाहिजे होतं. रोज म्हणायचे, आज जाते, उद्या जाते. कोणत्या तोंडाने येऊ? आता आले तर हे असं..."

पुढचं रडण्यात बुडालं. अंतराने डोळे पुसले. अंबरीशचंही नाक लाल झालं होतं, आणि हर्षितांना मराठी येत नव्हतं तरी त्या हातातली नळी हातातच धरून उभ्या होत्या.

त्या हळदीकुंकवाची जखम वनमालाबाईंनी वर्षानुवर्षं जपून ठेवली होती. बोटांच्या जखमांसारखीच, एकदा सुकल्यासारखी वाटायची आणि पुन्हा उघडायची. समोरासमोर उषाताईंनी माफी मागितली असती तर त्यांनी सहज दिली नसती, चार टोमणे नक्की मारले असते. पण हे बोलणं त्यांच्यासाठी नव्हतंच. ते मेलेल्या वहिनींसाठी होतं, आणि म्हणून खरं होतं. 

"वन्सं," त्या खाटेवरून म्हणाल्या, "आसन घ्या. फरशी गार आहे."

उषाताई अशा किंचाळल्या की शेजारच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला.

*

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. उषाताईंनी फोन काढून सगळ्यांपुढे धरला. अंतराचा मेसेज होता : आज चार वाजता आपल्या घरी आजीची सांत्वना आहे. आजोबा खूप अपसेट आहेत. प्लीज कुणी फोन करू नका.

"आता तुम्हीच सांगा, याचा मतलब काय घ्यायचा माणसाने?" उषाताई म्हणाल्या. त्यांचं रडं आता रागात उतरलं होतं. "चार वाजता वेळ दिलेली. सांत्वना लिहिलंय. आपल्यात सांत्वनाला कधी जातात ग?"

"पण ते नाव आहे त्यांचं, सांत्वना!" अंतरा म्हणाली. "हिंदीत सांत्वना म्हणजे दिलासा. बॅगवर लिहिलंय बघा ना!"

"मग दिलासा लिही! वाचून मला चक्कर आली!"

सीमंतिनी हसू दाबायला स्वयंपाकघरात गेली. अंबरीश हर्षितांना हिंदीत समजावून सांगत होता की मराठीत सांत्वन करायला माणूस गेल्यावर जातात, आणि हर्षिता कपाळाला हात लावून म्हणत होत्या, हे भगवान, हम तो मराठी घरों में भी यही नाम लेकर घूम रहे हैं.

माधवरावांना मात्र हसू येत नव्हतं. 

"बघितलंत?" ते म्हणाले. "पाऊल टाकलं नाही तोच घरात सुतक आलं. म्हणूनच मी नको म्हणत होतो. उषा, ते पातेलं उचल आधी. बाहेर फाटकापाशी ठेव. या घरात ते उघडायचं नाही."

पातेल्यात काय आहे ते विचारायची गरज नव्हती. निकमांच्या घरात कुणी गेलं की त्या दिवशी चूल पेटत नसे, आणि पहिला घास माहेरवाशिणीने आणायचा, ही रीत होती. पिठलं आणि भात. सुतकातलं पिठलं, म्हणून फोडणी नाही, हळद नाही, मिरची नाही. नुसतं बेसन, पाणी आणि मीठ. उषाताई भांडल्या होत्या, अबोला धरला होता, पण वहिनी गेल्या असं कळताच त्यांनी पहिलं काम काय केलं असेल तर गॅसवर पातेलं चढवलं होतं.

उषाताई मुकाट्याने उठल्या आणि पातेलं उचललं. पंच्याच्या गाठीतून वाफ येत होती. बेसनाचा तो साधा, पिठूळ वास वनमालाबाईंच्या नाकाशी आला आणि त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. किती दिवसांनी सुटलं ते त्यांना आठवेना. घरात त्यांच्यासाठी काय काय शिजत होतं : भाज्यांचं सूप, डाळीची खिचडी, प्रोटीनची पावडर घातलेली खीर. माधवरावांच्या सांगण्यावरून सगळ्यात जिरं-मिरी-आलं, कारण त्याने भूक लागते. आणि प्रत्येक घास छातीत जाळत जाई.

"वन्सं, थांबा. गरम आहे का ते?"

"आहे की. ऑटोत मांडीवर धरून आणलं."

"वाढा मला. भूक लागलीय."

हे वाक्य या घरात कितीतरी महिन्यांत कुणी ऐकलं नव्हतं. सीमंतिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"अगं काय बोलतेस?" माधवराव खाटेशी आले. "ते तुझ्या सुतकाचं आहे!"

"माझ्याच ना? मग मीच खायला हवं."

"वनमाला, चेष्टा करू नकोस. अशुभ असतं ते."

"अहो, अशुभ व्हायचं ते होतंयच रोज. पिठल्याने काय आणखी व्हायचंय?" त्यांना दम लागला. त्या थांबल्या, श्वास घेतला. हर्षिता पुढे आल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. "वाढा वन्सं. छोटा चमचा घ्या. माझं तोंड फार उघडत नाही आता."

उषाताईंनी भावाकडे बघितलं, मग वहिनीकडे. मग त्यांनी गाठ सोडून पातेल्यावरची भाताची वाटी काढली. फिकट, पांढुरकं पिठलं मऊ भातावर घातलं, कालवलं, आणि चहाच्या चमच्याने एक घास वनमालाबाईंच्या तोंडाशी नेला.  वनमालाबाईंनी घास तोंडात घोळवला आणि गिळला. नेहमीची आग येईल म्हणून त्या डोळे मिटून थांबल्या. आग आली नाही. घास हळूहळू, अडखळत, पण उतरला.

"आणखी," त्या म्हणाल्या.

 काही घास झाल्यावर वनमालाबाईंनी मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. आता मात्र थांबायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

"अहो, मी ठीक नाहीये."

माधवराव आणखी जवळ सरकले.

"रात्री मी झोपत नाही. बसून असते. तुम्ही मधूनमधून उठून माझा श्वास चालू आहे का बघायला येता ना, तेव्हा मी डोळे मिटून घेते. तुम्हाला वाटावं, झोपलीय. सारखं पाण्यात बुडाल्यासारखं होतं मला. बोटांचं तर विचारूच नका. गिळताना आग होते. पण तुम्ही माझ्यासाठी एवढं करता, की तुमच्या तोंडावर कसं सांगू, दुखतंय म्हणून?"

"मला सांगायचं नाही तर कुणाला सांगायचं?" माधवरावांचा आवाज फुटला.

"तेच तर सांगतेय आता." त्यांनी दम घेतला. "आणि आप्पांचं. आप्पांना सुईने नेलं नाही. मी होते ना त्या दिवशी तिथे. तुम्ही बाहेर गेला होतात, तुम्हाला बघवत नव्हतं. सुईच्या आधी ते काय ओरडत होते ते मी ऐकलंय. नंतर त्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं, दोन घोट प्यायले, आणि म्हणाले, माधवला सांग आता बरं वाटतंय. मी सांगितलं नाही तुम्हाला. तुम्ही नावच काढू देत नव्हता. तुम्ही मान हलवलीत म्हणून त्यांची शेवटची रात्र बरी गेली."

माधवराव खाटेच्या कडेवर बसले. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि त्यांचे खांदे हलू लागले. आप्पा गेले तेव्हासुद्धा ते असे रडले नव्हते. उषाताईंनी चमचा वाटीत ठेवला आणि भावाच्या पाठीवर हात ठेवला. अंबरीश खिडकीतून बाहेर बघत राहिला.

"मला जायचं नाहीये एवढ्यात," वनमालाबाई म्हणाल्या. "फक्त दिवस जरा सुसह्य व्हावेत. द्या ना त्यांना देऊ."

माधवरावांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मग ते हर्षितांकडे वळले, आणि त्यांच्या आवाजात पाटबंधारे खात्यातला जुना साहेब परत आला.

"सुई नहीं है ना?"

"नहीं बाबूजी. पीने की है."

"कितनी देनी है, मुझे लिखकर दीजिए. मैं ही दूँगा. कड़वी है?"

"हाँ, कड़वी तो है. और कब्ज़ करती है, उसकी दवा साथ में दूँगी. वो भूलना नहीं."

"नहीं भूलूँगा. सीमंतिनी, घरात गूळ आहे का? वरून गुळाचं पाणी देता येईल." मग एकदम ते घुटमळले. सुनेकडे बघायचं त्यांनी टाळलं. "आणि बघ, मघाशी मी जे ओरडलो..."

"बघू बाबा," सीमंतिनी म्हणाली, आणि गूळ आणायला गेली.

*

हर्षितांनी माधवरावांसमोर पहिला डोस दिला, उशा कशा लावायच्या ते दाखवलं, जखमांना नवी पट्टी बांधली, आणि त्या गेल्या. जाताना अंतराला म्हणाल्या, की आता मेसेज टाकायचा तर आधी आजीला दाखव. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं होतं. माधवरावांनी हीटरवरचा ऊन जोड आणून वनमालाबाईंच्या हातांत चढवला आणि ते तिथेच खुर्ची ओढून बसले.

उषाताई पातेलं विसळून पंच्यात बांधत होत्या. निघायचं म्हणत होत्या आणि निघत नव्हत्या.

"उद्या येऊ का, वहिनी?" त्यांनी शेवटी विचारलं.

"या की. हेच आणा, बिनफोडणीचं. आणि माझ्या हाताच्या चवीचं मघाशी अर्धवट राहिलं, ते पुरं करा."

"काय बाई तुम्ही! ऐकत बसला होतात!"

"एवढं चांगलं कोण बोलतं माझ्याबद्दल? पण वन्सं, उद्या हे पांढरं नको. दुसरं काही नेसा."

"काळं नेसते. संक्रांत आलीच आहे."

"ब्लॅक?" दारातून अंतरा म्हणाली. "उषाआजी, प्लीज! आज व्हाइट, उद्या ब्लॅक? कॉलनीवाले काय म्हणतील?"

"कॉलनीवाल्यांना काय पत्ता? आपल्यात संक्रांतीला काळंच नेसतात. तुम्हा पोरांना धड मराठी येत नाही, रीती काय येणार?"

"मराठीचं तुम्ही नका बोलू हं, तुम्हीच पत्ता-पत्ता करता! आणि तो मेसेज एकदम करेक्ट होता!"

"करेक्ट होता? अगं, मी रस्ताभर रडत आले!"

हळू बोला, असं माधवराव कुजबुजले, पण त्यांचं कोण ऐकतंय. दोघी फाटकापर्यंत भांडत गेल्या आणि तिथे उभ्या राहून भांडत राहिल्या. काळं ठरलं की लाल, अंतरा जिंकली की उषाताई, ते वनमालाबाईंना दुसऱ्या दिवशी विचारून घ्यावं लागलं. उशांना टेकल्या टेकल्या त्यांना झोप लागली होती.